वातींचा कापूस

गेल्या रविवारी सकाळी फोनवर तू तुझ्या प्रयोगशाळेतलं काम सांगत होतीस. गंधकाच्या एका अणूभोवती फ्लोरिनचे सहा अणू, असा एक वायू. वेगवान इलेक्ट्रॉननं रेणू फुटतो हे कुणालाही पटेल. पण हा वायू जवळजवळ थांबलेला इलेक्ट्रॉनही गिळतो आणि मग त्यातला एखादा फ्लोरिन सुटून जातो, असं म्हणालीस. तुझा भाऊ मागून ओरडला, "आजीला झोप येईल!" मी दूध उतू जातंय म्हणून फोन ठेवला. दूध ठेवलंच नव्हतं. आता तुम्हा दोघांनाही क्रमानं लिहिते.

तुमचे आजोबा नेरजवळच्या वीज उपकेंद्रात ऑपरेटर होते आणि मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायची. उपकेंद्रातल्या मोठ्या ब्रेकरमध्ये, म्हणजे वीजप्रवाह तोडणाऱ्या यंत्रात, हाच वायू असे. वीज तोडताना आत जो जाळ उठतो, त्यातले सुटे इलेक्ट्रॉन गिळून तो जाळ विझवतो. एका उन्हाळ्यात एक ब्रेकर आतून जळाला. त्याचा वायू भरलेला बंद चेंबर उघडून साफ करायचा होता. आदल्या संध्याकाळी चहाच्या वेळी आजोबांनी विचारलं,

"मास्तरीणबाई, हा गॅस कसा असते, सांग मले. कामावरची पोरं भेऊन राह्यली."

मी कौतुकानं माझं इंग्रजी पुस्तक काढलं. "सहा फ्लोरिन गंधकाला घेरून बसलेत. तो कशाशी संयोग पावत नाही. वास नाही, विष नाही."

"म्हंजे घरजावई. खाते-पिते, कोनाच्या वाटेले जात नाई."

"तसंच समजा."

"मंग मास्क कायले लावाचा? जीव उकडते त्याच्यात."

चहा गाळता गाळता मी म्हणाले, "नका लावू. काही होत नाही."

सकाळी त्यांनी पुसायला कापूस मागितला. वर्षभराच्या वातींसाठी मी शेतातला कापूस सरकी काढून पिशवीत भरून ठेवत असे. त्यातला अर्धा मीच डब्यासोबत दिला.

संध्याकाळी ते आले तेव्हा अंगाला सडक्या अंड्याचा वास होता.

"कोणत्या नालीत उतरला होता?"

"नाली नाई, तुहा घरजावई होता."

चेंबरच्या तळाशी चुन्यासारखी पांढरी भुकटी होती, ती त्यांनी कापसानं पुसून काढली होती. डोळे लाल, घसा बसलेला. उरलेला कापूस मात्र जपून परत आणला. "तुह्या वातीचा हाय, वाया कायले घालवू?"

पुढच्या वर्षी वाचनालयात एका पुस्तकात मला बाकीचं सापडलं. मी सांगितला तो सिलिंडरमधला ताजा वायू होता. जाळ विझवताना तो फुटतो. बरेच तुकडे पुन्हा जुळतात, सगळे नाही. उरलेल्यांना ओल लागली की आम्ल होतं, आणि ती भुकटी छातीत उतरू देऊ नये. माझ्या अभ्यासक्रमात एवढं नव्हतं.

तोवर आजोबांना खोकला लागला होता. डॉक्टर म्हणाले, बिडी सोडा. आजोबांनी बिडी सोडली, खोकला राहिला. त्या एका दिवसानं एवढं होईल का, असं मी डॉक्टरांना बाहेर गाठून विचारलं. "सांगता येत नाही," म्हणाले. त्या दिवशी मास्क लावलेले आजोबांचे एक सहकारी परवाच बाजारात भेटले. सायकलवर होते.

पुस्तकात वाचलेलं ते आजोबांना मी कधीच सांगितलं नाही. उपकेंद्रात कुणी मास्कचा विषय काढला की ते म्हणायचे, "घरी फिजिक्सची मास्तरीण हाय. तिच्याहून तुले जास्त समजते का?" आणि हे घरी येऊन मला सांगायचे, खोकत, हसत. शेवटच्या आजारपणातही नर्सला म्हणाले, "माह्या बायकोले विचारा, तिले सारं ठाऊक असते."

त्या कापसाची पिशवी अजून फडताळात आहे. वाती मी विकतच्या आणते.

रविवारी फोन कर. आधी मला सांग, तिकडे प्रयोगशाळेत त्या वायूचा चेंबर उघडताना तोंडाला काय लावतेस. मग हे वाचून तुला काय वाटलं ते सांग. काही वाटलं नाही, असं मात्र म्हणू नकोस.