सहापैकी पाच

ही गोष्ट मी मुग्धालाही सांगितलेली नाही. मुग्धा म्हणजे माझी बायको. शाळेत मी केलेल्या कॉप्या तिला माहीत आहेत, पहिल्या नोकरीतली भानगड माहीत आहे, तिच्या आईच्या आमटीबद्दलचं माझं खरं मतही माहीत आहे. हे मात्र नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापुढे जीभ थोडी सैल होते आहे — की तुम्ही मध्येच थांबवून प्रश्न विचारणार नाही, म्हणून? काय असेल ते असो. आज सांगतो.

आधी एक गोष्ट. मी कधी माशी मारली तरी वाईट वाटून घेणाऱ्यातला. घरात अंडंसुद्धा नाही. आणि इथे नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला, माझं काम मोजण्याचं आहे. चिप बनवणाऱ्या यंत्रांमध्ये काय किती सरकलं, हे मी तपासतो. केसाच्या जाडीचा हजारावा भाग इकडेतिकडे झाला तरी मी सही करत नाही. टीममध्ये माझ्या या खडूसपणाची चेष्टा होते. एकदा एका मुलाने आकडा जरा 'गोल' केला, तर मी त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं. हे सगळं लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं ऐकताना माझी कीव करावीशी वाटणार नाही.

करोनाची दुसरी लाट आली ते वर्ष. सासऱ्यांच्या ऑपरेशनसाठी मुग्धा आणि आमची इरा जानेवारीत पुण्याला गेल्या होत्या, महिन्याभरासाठी. मग तिकडे सगळं बिघडत गेलं, परतीचं तिकीट तीनदा पुढे ढकललं, आणि एप्रिलमध्ये भारतातून येणारी विमानंच बंद झाली. मी घरून काम करत होतो. दिवसभर कॅमेऱ्यासमोर बोलायचं, संध्याकाळी कॅमेऱ्यासमोर इराला गोष्ट सांगायची, मधल्या वेळात वरणभात. समोरासमोर माणूस म्हणून भेटायचा तो आठवड्यातून एकदाच, शनिवारी सकाळी. त्यांचं नाव योस.

योस सत्तरीचे, निवृत्त सुतार. इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, मीही मारायचो, पण मनातल्या मनात ते योसकाका असत, आणि अजूनही मला त्यांच्याबद्दल 'तो' म्हणवत नाही. गावाबाहेरच्या झाडीत तिरंदाजीचा एक क्लब आहे, तिथे आमची ओळख झाली. मी ऑफिसच्या एका सहलीत धनुष्य हातात धरलं आणि आवडलं म्हणून नाव घातलं होतं. योस मात्र शिकारी होते. या देशात धनुष्याने शिकार करायला बंदी आहे, म्हणून ते दर ऑक्टोबरला फ्रान्सला मित्राच्या रानात जात. वर्षातले आठ दिवस शिकार, आणि त्यासाठी आठ महिने सराव. त्या काळात बाहेर खेळायलाही दोघांनाच परवानगी होती, दीड मीटर अंतर ठेवून. क्लबने जोड्या लावल्या, आणि माझ्या वाट्याला ते आले.

पहिल्याच शनिवारी मी त्यांना शिकारीवरून चार शब्द सुनावले. होय, पाहुणा असून. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग फोमच्या हरणाकडे बोट दाखवलं — आपल्या भेकराएवढं, क्लबने झाडीत उभं केलेलं — आणि पुढच्या पायाच्या मागे खडूने बशीएवढं वर्तुळ काढलं. म्हणाले, "इथे लागलं तर त्याला कळतसुद्धा नाही, चार पावलांत पडतं. चार बोटं मागे गेलं तर पोटात लागतं, आणि मग रात्रभर मरत राहतं. मी आठ महिने इथे येतो ते माझ्यासाठी नाही, त्याच्यासाठी येतो." मला ते आवडलं मात्र.

त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशन ठरलेलं होतं, पण करोनामुळे इस्पितळाने पुढे ढकललं, मग पुन्हा पुढे ढकललं. पांढरं वर्तुळ त्यांना दिसायचं, पुसट. बाण हरणात घुसलाय हेही कळायचं. पण नेमका कुठे, ते पंचवीस मीटरवरून दिसत नव्हतं. त्यात बाण काढायला दोघांपैकी एकानेच जावं, असा क्लबचा नियम. मी म्हणालो, मी जातो. वडीलधारा माणूस असताना आपण उभं राहून त्याला कशाला पाठवायचं? त्यांना ते विचित्र वाटलं, पण मान्य केलं.

मग मार्चमध्ये त्यांनी मला अट सांगितली. स्वतःलाच घातलेली अट होती ती. पंचवीस मीटरवरून सहापैकी पाच बाण वर्तुळात बसले पाहिजेत, दर शनिवारी, ऑगस्टअखेरपर्यंत. नाही बसले तर या वर्षी फ्रान्स नाही, आणि मग सरावही नाही, धनुष्य बाजूला. "मला दिसत नाही," ते म्हणाले. "तू बघ, आणि जे असेल ते सांग. कुठल्या बाजूला जातायत तेही सांग."

आता मी मुद्द्याच्या जवळ आलोय, तर जीभ जड होतेय.

पहिले काही शनिवार ठीक गेले. पाच आत, कधी सहा. मग एप्रिलच्या शेवटी एका सकाळी मी सायकलवरून क्लबला पोहोचलो आणि मुग्धाचा मेसेज आला: विमानं बंद. पुढची तारीख नाही. मी तो दोनदा वाचला, फोन खिशात टाकला. योसनी सहा बाण मारले. मी काढायला गेलो. सहाच्या सहा वर्तुळाबाहेर होते. पंजाभर मागे, पोटाकडे. सगळे जवळजवळ एकाच जागी, एकमेकांना चिकटून.

मी तिथे उभा होतो आणि एकच विचार डोक्यात आला — आता हे घरी जाणार. पुढच्या शनिवारी इथे कोणी नसणार.

मी वळलो आणि ओरडून सांगितलं, "सहापैकी पाच!"

त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि हसले. "कुठे?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "मधोमध."

एवढंच. दोन शब्द आणि एक आकडा. तुम्हाला वाटलं असेल, काहीतरी मोठं असेल. मलाही त्या दिवशी ते मोठं वाटलं नव्हतं. आपण नाही का कुणाच्या घरी जेवताना अळणी भाजीलाही छान म्हणत? म्हाताऱ्या माणसाचं मन राखलं, असं मी स्वतःला सांगितलं. पुढच्या शनिवारी बघू, सांगू. पुढच्या शनिवारी बाण तिथेच होते, आणि मी पुन्हा 'पाच' म्हणालो. त्याच्या पुढच्या शनिवारी 'सहा' म्हणालो, कारण सारखे पाचच कसे? हिशोबी माणूस ना मी. खोट्यातसुद्धा थोडा चढउतार ठेवला, म्हणजे खरं वाटेल.

मे गेला, जून गेला. थर्मासमधली कॉफी, दोन वेगळ्या बाकांवर दोघं, माणशी एक बिस्कीट. ते मला सुतारकामातलं काहीबाही सांगायचे, मी त्यांना पुण्याचं. इरासाठी त्यांनी बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचं एक छोटं स्टूल केलं, खिळा न वापरता. त्या सकाळी मी त्यांना 'सहा' सांगितलं होतं.

आणि आता जे सांगतो, ते सांगितल्याशिवाय या सगळ्याला काही अर्थ नाही. जुलैत मुग्धा आणि इरा परत आल्या. घर भरलं. शनिवारी एकटं पडायची भीती संपली. म्हणजे एकटेपणामुळे खोटं बोललो, हे कारण जुलैत संपलं होतं. फ्रान्सला तीन महिने बाकी होते. मी सांगू शकलो असतो की नाही? एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य बोललो असतो, तर आधीचे दहा शनिवारही कबूल करावे लागले असते, आणि ते मला खडूस, खरा, आकड्याला पक्का माणूस समजत होते. ती त्यांची समजूत मला फार आवडत होती. म्हणून मी मूग गिळून गप्प बसलो.

एका शनिवारी ते स्वतःच हरणापर्यंत चालत आले. पण मी बाण आधीच काढले होते, आणि त्या फोमला सगळ्या क्लबने इतकी वर्षं भोकं पाडली होती की त्यात नवी कुठली आणि जुनी कुठली, हे डोळसालाही कळलं नसतं. त्यांनी हात फिरवून पाहिला आणि म्हणाले, बिचाऱ्याची चाळण झाली. माझा जीव भांड्यात पडला. त्या क्षणी मला जे वाटलं ते सुख होतं. खरंच सुख होतं.

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी त्यांनी धनुष्य पिशवीत ठेवलं आणि माझ्याकडे सरळ बघत विचारलं, "तू गोड बोलत नाहीस ना माझ्याशी? तुमच्याकडची माणसं फार सभ्य असतात. मला सभ्यता नको."

मला राग आला. ऐका, मला राग आला! मी म्हणालो, "योस, माझं कामच मोजायचं आहे. मी आकड्यात सभ्यता करत नाही."

त्यांनी माफी मागितली. त्यांनी, माझी.

ऑक्टोबरच्या शेवटी ते परत आले. फोन केला नाही, थेट घरी आले, दारातच उभे राहिले. आत या म्हटलं तरी आले नाहीत. फ्रान्समध्ये तिसऱ्या संध्याकाळी हरणाची एक मादी समोर आली होती, पंचवीस मीटरसुद्धा नव्हतं, शांत उभी, आडवी. त्यांनी बाण सोडला. ती पडली नाही, पळाली. जखमी जनावर आणखी लांब पळू नये म्हणून नियमाप्रमाणे ते थांबले, मग माग काढणारा कुत्रा आणला, अंधार पडला, शोध थांबवला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती काटेरी झुडपात सापडली. जिवंत होती.

बाण कुठे लागला होता, ते त्यांनी मला स्वतःच्या अंगावर दाखवलं. डावा हात वर केला आणि उजवा तळवा बरगड्यांखाली ठेवला. पंजाभर मागे. अख्ख्या उन्हाळ्यात मी जिथून बाण उपटत होतो, अगदी तिथे.

"तू सांगितलंस तसं सगळं बरोबर होतं," ते म्हणाले. "डोळ्यांचं काम तू केलंस. माझाच हात कापला असणार. मला कळलंही नाही." आणि ते रडले. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. इतके महिने पाळलेलं अंतर मोडून ठेवला. म्हणालो, "होतं असं कधीकधी."

त्याच हिवाळ्यात क्लबमध्ये एक नवी मुलगी आली. तिचे सगळे बाण डावीकडे, एकाच जागी जात होते. ती वैतागून जायला निघाली, तर शिकवणारे हसले. म्हणाले, सगळे एका जागी बसतायत म्हणजे तुझा हात उत्तम आहे, फक्त धनुष्यावरची नेम धरायची पिन सरकवायची. त्यांनी स्क्रू सैल केला, पिन किंचित हलवली, घट्ट केला. पुढचे सहा मधोमध. दोन मिनिटंही लागली नाहीत. मला हे माहीत नव्हतं. माहीत नसणं ही सबब नव्हे. योसनी तर दर शनिवारी विचारलं होतं, कुठे जातायत, कुठल्या बाजूला. त्यांना माहीत होतं. मी खरं सांगितलं असतं, तर त्यांनी तिथल्या तिथे स्क्रू फिरवला असता, अट पाळली असती, आणि माझे शनिवारही राहिले असते. वाढत्या मोतीबिंदूमुळे ते वर्तुळ त्यांना जागेपासून सरकलेलं दिसत होतं, एवढंच.

पुढच्या वर्षी त्यांचं ऑपरेशन झालं. आता त्यांना लांबची पाटी माझ्याआधी वाचता येते. धनुष्य त्यांनी क्लबला देऊन टाकलं. त्यानंतर हळूहळू लाकूडही सोडलं. बारीक काम आता नको म्हणतात, हाताचा भरवसा नाही. पटाशा एका शिकाऊ पोरीला दिल्या. पन्नास वर्षं त्या हातांवर घर चाललं होतं. कॉफीला बसलो की कधीकधी ते दोन्ही हात टेबलावर पसरून बघत बसतात, आणि मी बिस्किटांची बशी पुढे करतो.

मी हे त्यांना अजून सांगितलेलं नाही. ते माझ्या घरापासून सायकलने बारा मिनिटांवर राहतात. त्यांचा हात कधीच कापला नव्हता.