विमलाबाई समुद्रावर गेल्या तेव्हा

एक मे एकोणीसशे नव्याण्णवला भंडारा जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि मेश्राम नवरा-बायको दोन जिल्ह्यांत वाटले गेले. विमलाबाई दिघोरीच्या शाळेत शिकवायच्या. ती शाळा भंडाऱ्यातच राहिली. धनीराम गुरुजींची शाळा सालेकशाकडच्या एका खेड्यात; ती गोंदियात गेली. त्याआधी दोघांनी एका ठिकाणी बदली मागितली होती, फाईल पुढे सरकलीही होती. जिल्हा परिषदच वेगळी झाल्यावर ती फाईल कुठल्या कपाटात पडली, कोणालाच सांगता येईना.

"दोन-तीन वर्षांत होऊन जाईन," गुरुजी म्हणाले होते.

झालं नाही. मुलगी दीपमाला तेव्हा नऊ वर्षांची. दर शनिवारी सकाळची शाळा आटोपून गुरुजी निघत आणि दिवे लागायच्या सुमारास दिघोरीला पोचत. रविवारी दुपारी परत. पुढे दर शनिवारचं एकाआड एक झालं, मग महिन्यातून एकदा. कधी प्रशिक्षण, कधी निवडणुकीचं काम, कधी नाल्याला पूर. भांडण असं कधी झालंच नाही. भांडायला दोन दिवस तरी सोबत राहावं लागतं.

गुरुजी आधी निवृत्त झाले. तरी तिकडच्या वाचनालयाची व्यवस्था लावायची म्हणून दोन वर्षं तिकडेच थांबले. मग विमलाबाईही निवृत्त झाल्या आणि साकोलीला बांधलेल्या घरात दोघं पहिल्यांदाच पूर्ण आठवडा एकत्र राहू लागली. गुरुजींना सातला जेवण लागे, विमलाबाईंना नऊशिवाय भूक लागत नसे. ते पुढच्या खोलीत रेडिओ ऐकत, त्या मागच्या अंगणात तांदूळ निवडत. एकमेकांना चहा मात्र वेळेवर मिळायचा.

दीपमाला पुण्यात नोकरीला होती. दिवाळीत आली तेव्हा तिने दोन दिवस हे सगळं पाहिलं आणि म्हणाली, "आई, तुम्ही दोघं कधी कुठं फिरलेच नाही. मी बुकिंग करून देते. समुद्र पाहून या."

जानेवारीत दोघं वेंगुर्ल्याला पोचली. एका काकींच्या घराची वरची खोली, खिडकीतून माड आणि त्यांच्यामधून निळी पट्टी. विमलाबाई पिशवी ठेवून तशाच वाळूवर गेल्या. तळ्याबोड्यांच्या मुलखात जन्म गेलेला. पाणी म्हटलं की त्याला चहूकडून बांधाची पाळ असणारच, असं डोळ्यांना वळण पडलेलं.

"एवढं पाणी अन् पाळच नाही!" त्या म्हणाल्या. बोलून वळल्या तर गुरुजी मागे नव्हते. ते खोलीवर फोनला रेंज शोधत होते.

दुसऱ्या दिवशी दोघं होडीतून फिरायला गेली. सोबत सांगलीचं एक कुटुंब होतं. आजोबा बोलके निघाले. गुरुजींना त्यांनी विचारलं, "आपण कुठले?"

"आमी सालेकशाचे," गुरुजी म्हणाले.

विमलाबाईंनी मान वळवून पाहिलं. मग तासभर त्या ऐकतच राहिल्या. गुरुजी दर दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला गावच्या नाटकात काम करायचे. एकदा ऐन वेळी नटी आजारी पडली म्हणून मिशा काढून लुगडं नेसून उभे राहिले होते, आणि गावाने दोन वर्षं त्यांना 'वहिनी' म्हणून चिडवलं होतं. ज्या घरी खोली केली होती, त्या घरच्या नातीला पहिल्यांदा शाळेत त्यांनीच नेलं. तिच्या लग्नात मामा म्हणून उभे राहिले. सांगलीची मंडळी पोट धरून हसत होती. नावाड्याने सुद्धा वल्हं थांबवलं. विमलाबाईही हसल्या, पण सगळ्यांच्या नंतर. ह्यातलं एक अक्षर त्यांना ठाऊक नव्हतं. असा हात नाचवून बोलणारा माणूस त्यांच्या घरी कधी आलाच नव्हता.

तिसऱ्या दिवशी गुरुजी झोपलेले असतानाच त्या उठून किनाऱ्यावर गेल्या. तिथे रापण चालली होती. समुद्रात अर्धगोल टाकलेलं लांबलचक जाळं, त्याचे दोन दोर धरून दोन रांगा वाळूवरून मागेमागे ओढत होत्या. विमलाबाई पाहत उभ्या राहिल्या. रांगेतल्या एका बाईने हाक मारली, "बघतंस काय गो बाय? धर दोर!"

त्यांनी पदर खोचला आणि दोर धरला. दोर ओला, खरखरीत. पहिल्याच ओढीला तळवे भाजल्यासारखे झाले. पण रांगेच्या पावलाला पाऊल लागलं आणि बरं वाटलं.

"खंयसून इलंस?"

"भंडाऱ्याहून."

"भंडारो? खंयच्या देवळात?"

"देवळातला नाही, जिल्हा आहे. लांब. नागपूरच्या पलीकडे."

"अगो बाय! एकटीच इलंस?"

विमलाबाईंचा हात क्षणभर सैल पडला. "हो," त्या म्हणाल्या. आपण खोटं बोललो असं त्यांना वाटलं नाही, आणि त्याचंच त्यांना वाईट वाटलं.

जाळं वर आलं तेव्हा ऊन चढलं होतं. ओढणाऱ्या प्रत्येकाला मासळीचा वाटा. विमलाबाईंनाही दहा-बारा तारल्या मिळाल्या. मासळी पदरात घेऊन त्या परत आल्या, तर गुरुजी फाटकाशी उभे होते, पायात चप्पल नाही.

"कुठं गेली होती? मी अख्खं बंदर पाहून आलो!"

"दोर ओढून राहिली होती."

गुरुजींनी त्यांचे तळवे उलटून पाहिले. काकींनी तारल्या तळून दिल्या. दोघांनी पायरीवर बसून खाल्ल्या.

परतीच्या गाडीत, मनमाड गेल्यावर विमलाबाईंनी विचारलं, "लुगडं कोणाचं नेसले होते?"

गुरुजी चपापले. मग हळूहळू सांगू लागले. होडीतल्यासारखं जमेना, मधेमधे अडत होते. त्यांचं संपल्यावर विमलाबाई म्हणाल्या, "मले टायफाइड झाला होता. दोन हजार पाचमध्ये. अकरा दिवस दवाखान्यात होती. दीपमालानं भात रांधून आणला."

"अकरा दिवस? मले सांगतलं काहून नाही?"

"तुमी आले तंवर बरी झाली होती. शनिवारी काय काय सांगू?"

साकोलीला आल्यावर दहा दिवसांनी विमलाबाईंनीच विषय काढला. "तुमचं मन इथं लागून नाही राहिलं. जा तिकडं. मी रागावत नाही."

"तू पण चाल."

"मी तिथं कोण? गुरुजींची पाहुणी." त्या हसून म्हणाल्या. "इथं निदान घर माझं आहे."

गुरुजी माघात गेले. आता रोज सकाळी त्यांचा फोन येतो, आणि पूर्वीपेक्षा लांब चालतो. ते वाचनालयात कोण आलं ते सांगतात. विमलाबाई आपल्या गल्लीत काय झालं ते. फोन ठेवल्यावर विमलाबाई एकटीपुरते मूठभर तांदूळ धुतात आणि चुलीवर भात चढवतात.