शाडूच्या तलावातलं पाणी

शाळा चौथीतच सुटली होती, पण अर्जावर मी सातवी पास लिहिलं होतं. त्यामुळे चांदा जिल्ह्यातल्या त्या तंबूत साहेब नुसते खाकरले तरी मी हातातलं काम टाकून उभा राहायचो. वास्तविक साहेब देवमाणूस. पेणच्या गणपतीच्या कारखान्यातून उचलून त्यांनी मला सरकारी कामाला लावलं. वडील गावभर सांगत, पोरगा विमानखात्यात आहे.

विमानखात्यात मी चिखल कालवत होतो. फार खालून उडणारं विमान डोंगर-झाडांच्या गर्दीत रडारला कसं दिसतं, हे साहेबांना शोधायचं होतं. खरं विमान रोज कोण देणार? म्हणून चिमूरकडचा मुलूख मी टेबलावर शाडूत घडवला. टेकड्या केल्या, सागाच्या जागी भुसा चिकटवला, तलाव रंगवले. वरून दोऱ्याने पत्र्याचं इवलंसं विमान ओढायचं आणि साहेबांच्या यंत्राने परत येणाऱ्या लहरी टिपायच्या.

खरं विमान एकदाच आलं आणि मोठ्या तलावावर पोचताच रडारच्या पडद्यावरून गायब झालं. आमचं पत्र्याचं मात्र तिथेही ठणठणीत दिसे. साहेबांनी चार दिवस गणित तपासलं. पाचव्या दिवशी ते माझ्या टेबलाकडे बघू लागले. मी मनातल्या मनात ट्रंक भरली.

तेवढ्यात तंबूवर मासळी देणारे म्हातारबा आत डोकावले.

"काऊन भाऊ, हा आमचा तलाव हाये का?"

"हो. ओळखलात?"

"वळखला. पण पाणी कुठी हाये?"

"हे काय, निळं."

"निळं त मले बी दिसून राह्यलं. यात मासोळी जगन का?"

साहेब हसले नाहीत. मला म्हणाले, "ओता."

रंगवलेल्या शाडूला पाणी लावायचं ते विसर्जनालाच, असं हातात मुरलेलं. तरी ओतलं. दोरा ओढला. तलावावर विमान खऱ्यासारखंच पडद्यावरून नाहीसं झालं; पाण्यावर आपटून येणाऱ्या लहरींनी त्याच्या लहरी पुसून टाकल्या होत्या.

"शिक्षण किती तुमचं?" साहेबांनी विचारलं.

भीतीने खरं तेच तोंडातून गेलं, "चौथी."

"मग ठीक आहे. मी एम.एस्सी. आहे. तो निळा रंग बघून मीच शाबास म्हणालो होतो."

ट्रंक मनातच रिकामी केली. घरी लिहिलं, नोकरी पक्की आहे, साहेब खूश आहेत. रोज सकाळी शाडूवर तांब्याभर पाणी ओततो आणि संध्याकाळी विरघळलेला काठ पुन्हा बांधतो, हे मात्र वडिलांना कधी कळवलं नाही.