काटा खाली बसला नाही

युरोपातल्या प्रेकमुर्या भागातल्या त्या गावात भोपळ्याच्या बियांचं तेल काढायचं तर वेंडेलच्या घाण्यावरच. प्रत्येक घराच्या बिया वेगळ्या दळायच्या, वेगळ्या भाजायच्या, वेगळ्या दाबायच्या. एकाची बी दुसऱ्याच्या तेलात गेली की जन्माचा अबोला. वेंडेलचं आयुष्य दाबयंत्राच्या दाब दाखवणाऱ्या काट्याकडे बघण्यात गेलं. दांडा ओढला की काटा चढतो, तेल सुटलं की हळूच खाली बसतो, मग पुन्हा ओढायचं. बी कशी आहे ते काटा सांगतो. माणसं इतकं खरं बोलत नाहीत.

आज त्याच्या स्वतःच्या घरच्या बिया होत्या. त्याच्या लेकाच्या, कालमानच्या. कालमान जिवंत असताना दरवर्षी उत्तम भोपळा निवडून बी धरायचा: बिनटरफलाची, हिरवीगार, तेलानं भरलेली. लेक गेला, बी उरली. म्हातारा-म्हातारीनं ती जिवापाड जपली.

यंदा बियांत पांढरी, टणक टरफलं निघाली. "पावसानं असेल," त्याची बायको वेरोना म्हणाली. वेंडेलनंही मनाची तशीच समजूत घातली. पीठ मळलं, भाजलं, यंत्रात भरलं, दांडा ओढला.

काटा चढला आणि तिथंच राहिला. खाली तेलाची दोऱ्याएवढी धार.

"काय रे, काट्यावर सासू बसलीय का? असा काय बघतोस!" रांगेतला गेझा म्हणाला.

वेंडेलला हसू आलं नाही. गेल्या वर्षी वेरोनानं कुंपणाला शोभेचे रंगीत भोपळे लावले होते, सर्व संतांच्या दिवशी कालमानच्या थडग्यावर मांडायला. त्या फुलांवरच्या मधमाश्या पराग घेऊन शेतातल्या फुलांवर गेल्या आणि बी बाटली; यंदा तीच पेरली. घाणेवाल्याला हे कळायला हवं होतं. पण खड्डे त्यानंच खणून दिले होते. लेकाच्या थडग्यासाठी म्हटल्यावर कुणाची अक्कल चालते? जुनी बी तर मूठभरही उरली नव्हती. सगळी गेल्या वर्षीच पेरली होती.

रिवाजाप्रमाणे वेरोनानं पहिल्या तेलात पाव बुडवला.

"कडू लागतंय रे."

"भाजताना करपलं माझ्या हातून," वेंडेल म्हणाला. गिऱ्हाइकांसमोर असं म्हणणं म्हणजे घाणेवाल्यानं आपल्या हातानं आपलं नाक कापणं. गेझानं मान खाली घातली.

"असू दे," वेरोना म्हणाली. "बी चांगली आहे ना? पुढच्या वर्षी काढू पुन्हा. आणि ते रंगीत भोपळे जरा जास्तच लावू. कालमानपाशी किती शोभले!"

"लाव," वेंडेल म्हणाला. "खड्डे मी खणून देतो."