मामेसासऱ्यांचा कोर्स

लालबाग-परळच्या अख्ख्या पट्ट्यात माझ्या मामेसासऱ्यांइतका दिलदार रुग्ण झालेला नाही आणि होणारही नाही. लोक दुखणं लपवतात. मामा आपली अ‍ॅसिडिटी पाहुण्यांपुढे चहाआधी मांडतात. मूळचे मालवणकडचे, चाळीच्या भजनी मंडळाचे बुवा. भजन आटोपलं की उसळ-पाव, वर काळा चहा आणि लगेच आडवं होणं, हा चाळीस वर्षांचा नेम. जळजळलं की सोडा, घशाशी आलं की कोकमाचं सरबत. "अहो, त्यानं आणखी भडकेल," म्हटलं तर म्हणायचे, "मग आमचो अख्खो गाव एव्हाना जळाक होयो होतो!"

गेल्या वर्षी मात्र त्यांचा आवाज बसला, तो बसलाच. हळदीच्या गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध झालं, मामींनी दृष्टही काढली. गणपती पाच महिन्यांवर आलेले आणि बुवांच्या गळ्यातून नुसती खरखर! शेवटी मी त्यांना ओढतच घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, "गाठबीठ काही नाही. पोटातलं अ‍ॅसिड वर येऊन घसा भाजतंय." मग पोटाच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. रोज एक, नाश्त्याच्या अर्धा तास आधी.

महिन्याने डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या संपल्या?"

"संपल्या!" मामा अभिमानानं म्हणाले. आवाज मात्र जिथल्या तिथे. डॉक्टर गंभीर झाले आणि दुर्बिणीची तपासणी लिहून दिली. मामांच्या तोंडचं पाणी पळालं. तपासणीला जाताना टॅक्सीत माझा हात घट्ट धरून पुटपुटले, "जावयबापू, खरा सांगू? मी नऊच गोळ्यो खाल्लंय."

बाकीच्या वाटल्या होत्या! एकट्यानं खायचं नाही, आधी शेजाऱ्याला द्यायचं, ही चाळीची रीत मामांनी गोळ्यांनाही लावली होती. कुणी ढेकर दिला रे दिला की यांचा हात खिशात. समोरच्या काकूंना दोन, पेटीवाल्याला चार, आणि एकाला तर दाढ दुखते म्हणून! मी कपाळावर हात मारला. डॉक्टरांना सांगितलं तर ते आधी हसले, मग चांगलेच चिडले. "मामा, प्रत्येकाचं जळणं वेगळं. एखाद्याचं दुखणं हृदयाचं असलं आणि तो तुमच्या गोळीवर बसून राहिला तर?"

दुर्बिणीत सूज तेवढी निघाली, बाकी काही नाही. कोर्स पहिल्यापासून सुरू झाला. आता पाकीट मामींच्या कपाटात, जेवण साडेसातला, पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा. कुणी छाती चोळत आलं तर मामा सांगत, "डॉक्टरचो पत्तो देतंय, गोळी नाय."

गणपतीच्या आदल्या आठवड्यात मामांच्याच घरी तालीम होती. मामांनी वरचा सूर लावला आणि तो चिरकला. कुणी कुणाकडे बघेना. मामांनी घोटभर पाणी घेतलं, पुन्हा लावला. लागला! पूर्वीची धार नव्हती, खोटं कशाला बोलू, पण लागला. आत मामींचं लाटणं थांबलं होतं. मी डोकावलो तर त्या पदरानं डोळे पुसत होत्या.

"पाच महिने मी घरात रेडिओ लावूक नाय," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याचा गाणा ह्यांका सोसला नसता."