मेले म्हणजे वर

रामस्वामीकाकांच्या मराठीत 'वर' हा शब्दच नव्हता. ते म्हणायचे 'मेले'. तमिळमध्ये मेले म्हणजे वर, आणि तंजावरी मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या तमिळमध्ये मुरलेली, त्यामुळे त्यांना त्यात काही वावगं वाटायचं नाही. मी, क्षमा, पडले सांगलीची. माझ्या नवऱ्याची, मकरंदची, बँकेतून चेन्नईला बदली झाली आणि आम्ही रॉयपुरमला काकांच्या समोरचं घर घेतलं. पहिल्याच आठवड्यात हा माणूस जिन्यातून गॅसचं सिलिंडर चढवून घेताना ओरडतोय, "मेले, मेले!" माझ्या हातातली परात खाली. कोण मेले, कोण मेले करत मी बाहेर धावले, तर काका पायरीवर बसून पोट धरून हसतायत. तेव्हापासून रोज घरी येताना जिन्याच्या प्रत्येक वळणावर 'मेले, मेले' करत यायचे. मला चिडवल्याशिवाय त्यांना कॉफी गोड लागायची नाही. मीही दार उघडून विचारायची, आहात ना अजून?

अंबुजाकाकूंची बोलीही तशीच, सरळसोट. एकदा म्हणाल्या, कुंभकोणमची आत्या मेली. मी म्हटलं, काकू, अहो गेल्या म्हणावं, बरं दिसतं. तर त्या म्हणतात, गेल्या म्हटलं की लोक विचारतात कुठं गेल्या, परत कधी येणार.

काका रेल्वेच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले. घरात बसणं पत्रिकेतच नव्हतं. उन्हाळ्यात दोन महिने समुद्रातली मासेमारी बंद असते, तेव्हा कासिमेडूच्या बंदरात लाँची ओळीनं बांधून ठेवतात. तिथं काकांचा मुक्काम. इंजिनं खोलायची, पंखा तपासायचा, पंप चालू करून बघायचा. शेजारी कुणी जाळी विणतंय, कुणी दोराला शिसं बांधतंय, कुणी लाकडाला रंग फासतंय. संध्याकाळी अंगाला डिझेलचा वास घेऊन यायचे, आणि काकूंची बोलणी खायचे.

एका गोष्टीवर मात्र त्यांची थट्टा चालायची नाही. लाँचीच्या पोटात बर्फाचा खण असतो, मासळी ठेवायचा. दोन महिने झाकण बंद, तळाशी कुजकं पाणी. आतली हवा विषारी होते. उतरलेला माणूस ओरडत नाही की धडपडत नाही, नुसता खाली बसतो. काकांनी एकाला असा ओढून काढला होता, तो नशिबानं वाचला. म्हणून त्यांचा नियम: झाकण पूर्ण एक रात्र उघडं ठेवायचं. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर. वरचा माणूस विचारत राहणार, 'मेले?' म्हणजे येतोस का वर? खालून ओ आली नाही की दोर ओढायचा.

यंदा त्यांच्याबरोबर श्रीहरी जायला लागला. त्यांचा एकुलता एक मुलगा. इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात होता, पण कारखान्यानं काम नाही म्हणून सगळ्यांना घरी बसवलं होतं. काकूंचा जीव टांगणीला. त्यांनी नवऱ्याकडून देवासमोर वदवून घेतलं होतं, मी असल्याशिवाय त्याला खणात उतरू देणार नाही. तरी रोज सकाळी तो निघाला की त्या गॅलरीत उभ्या राहायच्या, तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत. मला ते बघवायचं नाही.

बंदी संपायच्या आदल्या दिवशीची गोष्ट. काकांनी त्याच्या आदल्या संध्याकाळी स्वतःच्या हातानं झाकण उघडून ठेवलं होतं. पण खणात नवी कोरी जाळी ठेवलेली. राखणदाराला वाटलं, रात्रीत कुणी पळवली तर माझ्या गळ्याशी येईल. त्यानं झाकण लावून कुलूप घातलं, आणि सकाळी कुणी यायच्या आत पुन्हा उघडून ठेवलं. बोलला नाही कुणाला. हे सगळं आम्हाला नंतर कळलं.

इंजिनाचा पट्टा तुटका निघाला म्हणून काका नवा आणायला जॉर्ज टाउनच्या बाजारात गेले. जाताना श्रीहरीला बजावलं, मी येईपर्यंत थांब. इकडे लाँचीचा मालक वेंकट घायकुतीला आलेला. पहाटे पूजा करून निघायचं, जाळी अजून आत. श्रीहरीनं पाहिलं, झाकण उघडं. अप्पांनीच तर उघडलं होतं काल. मग भीती कसली? तो उतरला. कमरेला दोर नाही. त्याचा आवाज येईना, म्हणून राजगोपाल खलाशी त्याला बघायला उतरला.

दुपारी काकू माझ्या दारात आल्या, त्यांच्या तोंडाला रंग नव्हता. वेंकटचा फोन आला होता. दोघं खणात आहेत, ओ देत नाहीत, काका आत्ताच पोचलेत. मी त्यांना पाटावर बसवलं, पाणी दिलं. ते त्यांनी नुसतं हातात धरलं. मी आपली बडबडत राहिले, काका पोचलेत ना, मग झालं तर. काकू रामरक्षा म्हणत होत्या आणि पुन्हा पुन्हा त्याच ओळीवर अडत होत्या.

फोन वाजला. काकूंनी तो माझ्यापुढे धरला, मी स्पीकर लावला. मागे माणसांचा गलका, आणि त्यातून काकांचा आवाज.

"अंबुजा. दोघं मेले."

फोन बंद झाला. काकूंनी माझा हात घट्ट धरला. "मेले आले," त्या म्हणाल्या. "दोघं मेले आले गं, क्षमा."

आले, काकू, आले, म्हणत मी त्यांना मिठी मारली. आम्ही दोघी रडलो, हसलो. काकूंनी देवापुढे साखर ठेवली. मग उठून कॉफीचं डिकॉक्शन घातलं, श्रीहरीला कडक लागतं म्हणून जास्तीची पूड घातली, राजगोपाललाही इथंच जेवायला घालू म्हणाल्या. तांदूळ धुतले.

ऊन उतरल्यावर जिन्यात पावलं वाजली. मी कान देऊन बसले होते. पहिलं वळण झालं, दुसरं झालं. पावलं एकाच माणसाची होती आणि तो काहीच म्हणत नव्हता.

काका दारात उभे राहिले. हातात पट्ट्याचं पुडकं तसंच, दोराही न सोडलेलं. काकू कॉफीचा पेला घेऊन पुढे आल्या आणि त्यांच्या खांद्यावरून मागे जिन्यात बघू लागल्या.

"श्रीहरी कुठाय? दोघं मेले आले म्हणालात ना?"

काकांनी त्यांच्या हातातला पेला काढून घेतला.

"आले म्हणालो नव्हतो मी, अंबुजा."