सासऱ्यांचा वेढा, जावयांचा पुतळा

टेलरमास्तर तरुणपणी पायदळात होते. शत्रूने त्यांच्या ठाण्याला वेढा घातला तेव्हा अख्खा हिवाळा त्यांनी आत काढला, शेवटी कमरेचे पट्टे उकळून खाल्ले. सुटून आल्यावर शिवणयंत्र घेतलं, लग्न केलं, मुलगी वाढवली आणि वेढ्याबद्दल घरात चकार शब्द न काढता रोज पोटभर जेवले.

सरकारला त्या वेढ्याची आठवण झाली ती मास्तरांचे केस पांढरे झाल्यावर. चौकात स्मारक उभारायचं ठरलं. शिल्पकार खऱ्या सैनिकाचा चेहरा शोधत दुकानात आले. मास्तरांना त्यांनी समोरून पाहिलं, बाजूने पाहिलं आणि सुस्कारा सोडला.

"तुमच्या चेहऱ्यावर ते उपासमारीचं तेज दिसत नाही हो."

"आत्ताच जेवलोय ना," मास्तर म्हणाले.

तेवढ्यात जावईबापू आत आले. छाती रुंद, नाक धारदार. नोकरी एकही टिकलेली नसल्यामुळे व्यायामाला वेळच वेळ. चहाला उशीर झाला म्हणून चेहरा कासावीस झालेला. शिल्पकार ओरडलेच, "हाच! हाच तो वीर!"

वर्षभरात जावई ब्राँझचे झाले.

उद्घाटनाला मास्तर ठेवणीतला कोट घालून पहिल्या रांगेत बसायला गेले, तर स्वयंसेवकाने हात आडवा घातला. "आजोबा, ही रांग वीरांसाठी आहे."

"असू द्या, असू द्या," जावई मोठ्या मनाने म्हणाले. "माझे सासरे आहेत."

अशी मास्तरांची सोय लागली.

प्रमुख पाहुण्यांनी जावयांना हार घातला, चार शब्द बोलायचा आग्रह केला. चार कसले! भुकेवर ते इतकं हृदयद्रावक बोलले की लोकांनी रुमाल काढले. मुलीला मात्र मान वर करवेना. "बाबा, तुम्ही उठून सांगा ना," ती कुजबुजली.

मास्तर उठले, पण व्यासपीठाकडे गेले नाहीत. पुतळ्यामागच्या भिंतीवर मेलेल्यांची नावं कोरली होती. त्यात त्यांनी आपल्या खंदकातल्या सोबत्याचं नाव शोधलं. आपली घोंगडी मास्तरांच्या अंगावर टाकून तो थंडीने गेला होता. नावावर सिमेंटचे शिंतोडे वाळले होते. मास्तर ते नखाने खरवडू लागले.

मुलगी मागोमाग आली. "कोण होते हे, बाबा?"

मास्तरांनी सांगायला सुरुवात केली. तिकडे टाळ्यांचा इतका कडकडाट चालला होता, की ऐकण्यासाठी तिला कान अगदी त्यांच्या तोंडाशी न्यावा लागला.